रुसलेल्याला दोन शॉट जास्त

वाघाचा फोटो पाहून तुम्ही आजवर कितीदा 'वा!' म्हणालात, आणि तो वाघ ज्यांच्या शिवारातून पाणी प्यायला जातो, त्या माणसांपैकी एकाचं तरी नाव कधी विचारलंत?

राग आला असेल तर येऊ द्या. प्रश्न कुंदाताईंचा आहे, आवाज तेवढा माझा. त्यांनी तो असा तोंडावर फेकला नसता. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांच्या संघटनेची पत्रकं आमच्या पलंगाखाली गठ्ठ्यांनी पडलेली असत. पहिली अक्षरं मी 'धिक्कार' आणि 'निषेध' यांतली शिकले. कुंदाताईंना यातलं काहीच चालायचं नाही. "भाषण झालं की माणसं टाळ्या वाजवतात अन् घरी जातात," त्या म्हणायच्या. "मले टाळ्या नाही पाहिजे. मले माणूस खुर्चीवरून पुढे सरकलेला पाहिजे."

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आम्ही खाली राहायचो आणि त्या वरच्या माळ्यावर. वर त्यांचं 'मिक्सिंग' होतं. ज्यांची लग्नं त्या काळात झाली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: लग्नाचं शूटिंग झालं की कॅसेटी मिक्सिंगवाल्याकडे यायच्या. तो त्या कापायचा, जोडायचा, वर गाणी घालायचा, नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवायचा आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडायचा. शहरातली ही कामं पुरुष करत. तात्यापाऱ्यात मात्र हे काम कुंदाताई करत, नऊवारीतल्या सासूबाईंच्या फोटोखाली बसून, नाकावर चष्मा आणि तोंडात बडीशेप. कॅमेरा त्यांचा धाकटा भाऊ बबनमामा चालवायचा. यजमान रेल्वेतून निवृत्त झाले होते. ते दर तासाला चहा आणून मशीनपासून लांब ठेवत.

राज्य नवीन होतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि सगळ्या शहराच्या अंगात आल्यासारखं झालं होतं. रस्ते खणलेले, दुभाजकांना ताजा रंग, चौकाचौकांत होर्डिंगं. पैसा आला, लग्नं फुगली, कॅसेटी वाढल्या. जिन्यात नेहमी कोणीतरी मुलीचा काका "दीदी, हमारा कब मिलेगा?" म्हणत उभा असायचा. आतून उत्तर यायचं, "भैया, दुल्हन को रोने तो दो!" बिदाईचा प्रसंग कापणं चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांची एक गंमत गोल बाजारात कळायची. कधी भेट झाली नाही अशी निम्मी माणसं त्यांच्या ओळखीची असत. भांड्यांच्या दुकानात एखाद्या अनोळखी गृहस्थाला त्या थांबवायच्या. "तुम्ही मुलीचे मामा ना? वरातीत नागीन नाचले होते, जमिनीवर लोळून?" तो माणूस बायकोसमोर लाल व्हायचा. एकदा एका बाईला म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं पोट आता बरं आहे ना? जिलबी लई खाल्ली होती त्यानं." ते लग्न होऊन बराच काळ लोटला होता आणि मुलाला मिशी आली होती. ती बाई घाबरून निघून गेली. मी म्हटलं, "आंटी, वो लोग आपको जानते भी नहीं." त्या म्हणाल्या, "मी तर ओळखतो ना. अन् तू मराठीत बोल, पोट्टे."

लग्नाच्या कॅसेटीबद्दल त्यांचे नियम होते. पहिला असा की आलेला प्रत्येक चेहरा दिसला पाहिजे, वाढप्याचाही. ज्याचा चेहरा नाही तो कॅसेट शिव्या घालत बघतो. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता आणि बबनमामालाही तो आधी पटला नव्हता. प्रत्येक लग्नात कोणीतरी रुसलेलं असतं. मानपान राहिलेले आत्याचे यजमान, म्हणजे तिकडचे फुवाजी, खुर्ची न मिळालेला जावई. "त्याले दोन शॉट जास्त द्यायचे," कुंदाताई सांगायच्या. "लग्नात त्याचं कोणी ऐकलं नाही. टीव्हीवर तो स्वतःले पाहीन, तवा घरच्यांचा होईन." अशा कॅसेटींमुळे मोडलेल्या सोयरिकी जुळल्याचे किस्से त्या सांगायच्या. थोडे फुगवून सांगायच्या, हेही खरं.

पाखरं या सगळ्यात लग्नातूनच आली.

रायपूरपासून थोड्या अंतरावर एक गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्या गावात जेठ महिन्यात बबनमामा लग्न शूट करून आला. मांडव चिंचेच्या मोठ्या झाडांखाली होता. कुंदाताई कॅसेट लावून बसल्या. मुलाचे वडील पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात व्याह्यांना मिठी मारायला पुढे येतात, आणि वरून थपकन शिटलं जातं. खांद्यापासून कोपरापर्यंत.

बबनमामा म्हणाला, "हे काट ताई. वरपक्ष बोंबलीन."

कुंदाताईंनी कापलं नाही. त्यांनी कॅसेट मागे नेली, पुढे नेली, पुन्हा मागे नेली. यजमानांचा चहा गार झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "बबन, पाहून राहिला का तू? कोणी दगड नाही उचलला. कुर्ता खराब झाला अन् सगळे हसून राहिले. व्याही बी हसून राहिला. काहून?"

त्या 'काहून'साठी, म्हणजे 'का'साठी, कुंदाताई त्या गावात गेल्या. पाहुण्यांच्या घरीसुद्धा मशीन सोडून मुक्काम न करणारी बाई, बबनमामाच्या स्कूटरवर मागे बसून. मीही दुसऱ्या खेपेला गेले. झाडांवर करकोचे होते, शेकड्यांनी. राखट पांढरे, पंख काळे, आणि चोच मिटली तरी मधे फट राहणारी. शेतातल्या गोगलगायी हे त्यांचं अन्न. गोगलगायीला तिकडे घोंघा म्हणतात, म्हणून पाखरू घोंघिल. पावसाच्या तोंडावर येतात, चिंचेवर घरटी करतात, पिल्लं मोठी झाली की दिवाळीच्या सुमारास जातात. वास विचारू नका. अंगणं पांढरी, कौलं पांढरी, गाईची पाठ पांढरी.

सुकवारो दाई नावाची एक म्हातारी झाडाखालीच राहायची. कुंदाताईंनी तिला विचारलं, "दाई, इतना गंदा करते हैं, भगाते क्यों नहीं?" म्हातारीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की काय वेडी बाई आहे. "पहुना आय बाई. पहुना ल कोनो भगाथें का?"

पाहुणे आहेत, पाहुण्यांना कोणी हाकलतं का! परतीच्या वाटेवर कुंदाताई स्कूटरवरून ओरडून बबनमामाला सांगत होत्या, "ऐकलं का? म्हणजे हे बी लग्नच आहे. आपलंच काम आहे हे!"

पण त्याच खेपेला बबनमामानं खोडांवर रंगाचे आकडे पाहिले. नव्या राजधानीकडे जाणारा रस्ता रुंद होणार होता आणि चिंचा त्या रुंदीत येत होत्या. पाऊस उघडला की तोड. तेव्हा पिल्लं घरट्यातच असणार होती, उडता न येणारी. पंचायतीनं संमती देऊन टाकली होती. गाव लबाड होतं म्हणून नव्हे. रस्ता कोणाला नको असतो? जमिनीला भाव येणार होता, दुकानं निघणार होती. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत गावानं संमती मागे घेतली आणि रस्ता पलीकडच्या सरकारी पडीक जागेवरून मागितला, तरच झाडं वाचण्यासारखी होती.

कुंदाताईंनी ठरवलं की सिनेमा करायचा.

मी निवेदन लिहिलं. रात्रभर पेटून लिहिलं. त्यात भांडवल होतं, विकासाचा राक्षस होता, 'हे सत्ताधीशांनो' असंही एक वाक्य होतं. कुंदाताईंनी चष्मा वर करून सगळं शांतपणे ऐकलं. "जोरदार आहे बाप्पा," त्या म्हणाल्या. "पण यात पाखरू कुठं आहे?" त्यातलं एक वाक्यही सिनेमात आलं नाही. पुढे सिनेमात निवेदनच उरलं नाही.

शहरातले एक डॉक्टर पक्ष्यांचं शूटिंग करायचे. हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा, आणि मन मोठं. त्यांनी आपली कॅसेट आणून दिली. काय दृश्यं होती! पहाटेचं ऊन पंखातून आरपार जाताना, पिल्लाच्या चोचीत आईची चोच. डॉक्टरांनी एकच अट घातली, माणसं घ्यायची नाहीत. माणूस आला की जंगलाची शुद्धता जाते.

"डॉक्टरसाहेब," कुंदाताई म्हणाल्या, "लई सुंदर आहे. पण हे कोणाच्या दारचं आहे, ते कळून नाही राहिलं."

"ताई, हा निसर्गपट आहे. लग्न नाही."

"मंग गावकरी काहून पाहतीन? पाखरं तर ते रोज पाहतात."

डॉक्टर हसून उठले, पण कॅसेट परत नेली नाही. यालाही मी मोठेपणाच म्हणते.

पहिला खेळ गावातच झाला. हा त्यांचा तिसरा नियम, याच कामात तयार झालेला: जिथलं आहे तिथं आधी दाखवायचं, मग रायपूर, मग दिल्ली. गोल बाजारातून पडद्यासाठी पांढरा लठ्ठा आणला, मांडववाल्याकडून बांबू, लाइटवाल्याकडून जनरेटर, आणि एक भाड्याचा प्रोजेक्टर. दिवेलागणीला सगळं गाव जमलं. पडद्यावर घोंघिल झेपावला, आणि मधुर कुहूकुहू ऐकू आलं.

मग एक पोरगी ओरडली, "ये का बोलत हे? हमर चिरई तो अइसन नइ बोलय!" आणि गाव जे हसत सुटलं, ते काही थांबेना. म्हातारे गुडघ्यावर थापा मारत होते. झालं असं होतं की कुंदाताईंकडे लग्नासाठी आवाजांची एक सीडी होती. सनई, फटाके, घोड्याच्या टापा, कोकीळ. पाखरू आलं की कोकीळ टाकायची, ही हाताची सवय. आणि घोंघिलाला गळाच नाही. तो चोचीवर चोच आपटतो, लाकडी पट्ट्या वाजवाव्यात तसा.

दुसरी कोणी असती तर मशीन बंद केली असती. कुंदाताई सगळ्यांत जास्त हसल्या, पदरानं डोळे पुसले आणि त्या पोरीला विचारलं, "फिर कैसे बोलता है? करके दिखा." पोरीनं दोन काटक्या घेऊन वाजवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बबनमामा बांबूला माइक बांधून चिंचेखाली उभा होता. डोक्यावर छत्री, पावसासाठी नव्हे.

हसण्यात एकच माणूस नव्हता. बिसाहू. पंचविशीचा, झाडाखालच्याच घरातला. रस्ता झाला की त्याला पंक्चरचं दुकान टाकायचं होतं. हवा भरायचं यंत्रही त्यानं जुनं घेऊन ठेवलं होतं. "सडक आही त दुकान चलही," एवढंच तो बोलायचा, आणि कॅमेरा दिसला की गमछा तोंडावर ओढायचा. ग्रामसभेत त्याच्या मागे दहा-वीस पोरं उभी राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तो दलाल वाटायचा. कुंदाताईंनी त्याला पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "हे पाह्य. आपले रुसलेले फुवाजी!"

बबनमामाच्या कॅसेटींत त्या बिसाहूला शोधत राहिल्या. आणि तो सापडला. वादळानंतरच्या सकाळचं शूटिंग होतं. बबनमामानं शाळेच्या ओट्यावरून मोडलेल्या फांद्या टिपल्या होत्या. चौकटीच्या कडेला बिसाहू. इकडे-तिकडे पाहतो, कोणी नाही अशी खात्री करतो, चिखलातून एक पडलेलं पिल्लू गमछ्यात उचलतो. मग दातात दोरी धरून झाडावर चढतो आणि घरट्याच्या खालच्या फांदीला एक टोपली बांधून पिल्लू तिच्यात ठेवतो. उतरताना घसरतो, आणि पाखरांना शिव्या देतो.

"टाका!" मी ओरडले. "उद्याच दाखवा सगळ्यांना. ढोंग उघडं पडेल."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या कठोरपणे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "नवरीले न विचारता मी तिचं रडणं बी नाही ठेवत," त्या म्हणाल्या. "तो काही चोर नाही. आपण त्याले पकडून नाही राहिलो."

त्या गावात गेल्या आणि बिसाहूच्या ओट्यावर बसल्या. कॅमेऱ्याच्या त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर त्याला ते दाखवलं, एकट्याला. बबनमामा आणि मी लांब चिंचेखाली उभे. बिसाहूनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. गमछा खांद्यावरच राहिला.

"नहीं रखना है तो काट देती हूँ," कुंदाताई म्हणाल्या. "तेरी मर्ज़ी."

बिसाहू खाली मान घालून म्हणाला, "काटबे झन. थोकिन अउ लंबा रख." कापू नको, थोडं अजून लांब ठेव. आणि मग, अगदी हळू, "टुकना बांधे के बेरा ल पूरा रख."

टोपली बांधतानाचा भाग पूर्ण ठेव. ते त्याचं काम होतं आणि चांगलं झालं होतं.

दुसरा खेळ मी विसरणार नाही. पडद्यावर सुकवारो दाई शेणानं अंगण सारवते आणि मागे थपकन पडतं. ती वर बघून काहीतरी पुटपुटते, आणि अख्खं गाव तिच्या बरोबरीनं तेच पुटपुटतं. "ये दे, मोर कोठा!" हा बघ माझा गोठा, म्हणत एक बाई उठून उभी. प्रत्येक घर, प्रत्येक चेहरा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पाखरं. डॉक्टरांची ती पंखातून ऊन जाणारी पहाटही होती, पण ती आता सुकवारो दाईच्या कौलावरची पहाट झाली होती. मग बिसाहू आला. दातात दोरी. सगळं गाव मागे वळलं आणि भिंतीला टेकून उभ्या बिसाहूकडे पाहू लागलं. कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, "वाह रे पंक्चर!" तो हसला, आणि कितीतरी वेळ हसतच होता.

ग्रामसभेत तोच बोलला. "सडक आवय, फेर ओ डहर ले." रस्ता येऊ दे, पण पलीकडून. पोरांनी हात वर केले. ठराव झाला.

मग तो ठराव घेऊन तोडीची परवानगी देणारी कचेरी. तिथे माझी पत्रकं चालतील असं मला वाटलं होतं. कुंदाताई बिसाहूला आणि सुकवारो दाईला घेऊन गेल्या आणि साहेबांच्या संगणकात सीडी घातली. साहेबांनी निम्मी पाहिली. "मैडम, टाइगर-वाइगर तो कुछ है नहीं इसमें."

"साहब," कुंदाताई म्हणाल्या, "खाली दूल्हे से शादी होती है क्या? बाराती भी तो लगते हैं."

साहेबांना हसू आलं. त्यांनी उरलेली निम्मीही पाहिली. शेवटी म्हाताऱ्या सुकवारोकडे बोट करून म्हणाले, "ये वही हैं?" ती तिथेच समोर बसली होती, पाय वर घेऊन, खुर्चीत. मला वाटतं, त्या कचेरीत कागदावरची झाडं त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या तरी अंगणातली झाली.

सगळं जिंकलो, असं मी लिहिणार नाही. पत्रकात ते चालतं. पाखरं जाईपर्यंत तोड थांबली. रस्ता सरकला, पण पूर्ण नाही. कडेच्या तीन चिंचा गेल्याच. तोडीच्या दिवशी कुंदाताई बबनमामासोबत गेल्या आणि करवतीसमोर उभ्या माणसांचे चेहरे एकेक करून घेतले. तोडणाऱ्या मजुरांचेही. नंतर बबनमामानं विचारलं, यावर दर्दभरी बासरी टाकू का? त्या म्हणाल्या, "करवतीचा आवाज आहे ना. तो राहू दे." पुढे ती सीडी आणखी गावांत गेली. पण प्रत्येक गावात त्या आधी तिथलं शूटिंग मागायच्या. दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट कोणी कितीदा पाहील?

मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते त्याच गावात, पुढच्या पावसाच्या तोंडावर. पाखरं परत आली होती. उरलेल्या चिंचांवर दाटी झाली होती, भांडणं चालू होती. गावानं सिनेमा पुन्हा मागितला म्हणून लठ्ठा बांधला होता. कुंदाताई नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्या सिनेमा कधी पाहत नसत, पाहणाऱ्यांना पाहत. पडद्याचा उजेड माणसांच्या तोंडावर हलत होता. सगळे हसत होते. तिसऱ्या ओळीत डोक्यावर पदर घेतलेली एक नवी सून बसली होती. नुकत्याच सरलेल्या जेठात लग्न होऊन आलेली. सगळे आपापला चेहरा दिसला की ओरडायचे, आणि ती नुसती इकडून तिकडे बघायची. कुंदाताईंनी बबनमामाची बाही ओढली आणि कानाशी म्हणाल्या, "ती पोट्टी यात कुठंच नाही. उद्या सकाळी आधी तिले घे. झाडासकट."

नंतर डोळे गेले, मशीन विकली, मुलाकडे नागपूरला गेल्या, आणि एक दिवस बबनमामाचा फोन आला, ताई गेल्याचा. तात्यापाऱ्यातल्या त्या वरच्या माळ्यावर आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यांवरून रोज लोक पाखरं टिपायला जातात, चांगली टिपतात, आणि ती फोटोखाली 'वा!' म्हणणाऱ्या अनोळखी लोकांना पाठवतात. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या फोनमध्ये एखादं पाखरू, एखादा साप, एखादं जुनं झाड नक्की असेल. येत्या रविवारी ते ज्याच्या दारात, ज्याच्या शेतात, ज्याच्या तळ्यावर टिपलं, तिथे परत जा. त्या माणसाला नाव विचारा. त्याच्या शेजारी बसून त्याला ते दाखवा, आणि तो काय म्हणतो ते ऐका. जगाला नंतर दाखवा.